मंगळवारचा श्वास

आत्या बसमधून उतरली ती तक्रार करतच. शेजारचा माणूस चार तास घोरत होता, खिडकी घट्ट लागत नव्हती, आणि धाकटा तिला न्यायला आला होता तो पावाची गाडी घेऊन. शहात्तराव्या वर्षी पुढच्या सीटवर चढायला तिला भाच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, तेही तिला रुचलं नाही.

"निदान मागचे ट्रे तरी काढायचेस," ती म्हणाली. "मी काय डझनाच्या हिशेबाने आले आहे?"

"मागे नाही बसवलं हे नशीब समज," धाकटा म्हणाला आणि गाडी सुरू केली.

गाडी चालवणं, दुकानादुकानांत पाव पोचवणं, उरलेला परत आणणं आणि दुकानदारांशी गोड बोलणं हे धाकट्याचं काम. भट्टीकडे तो फारसा फिरकत नसे. भट्टी त्याच्या थोरल्या बहिणीची, पिपाणीची. कागदावर अजून बाबांची होती, पण आज चार वाजता बाबा ती तिच्या हवाली करणार होते, आणि त्यासाठीच आत्या एवढा प्रवास करून आली होती.

पिपाणी हे नावही आत्यानेच ठेवलेलं, पुढे घरात त्याचं पिपा झालं. पोर सात-आठ वर्षांची असताना तिची छाती अशी वाजायची की दुसऱ्या खोलीत कळायचं, ही झोपली आहे की बसली आहे. बहुतेक वेळा ती बसलेलीच असायची. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी. डॉक्टरांनी दमा सांगितला. आईने रडून घेतलं, बाबा भट्टीपुढे जाऊन उभे राहिले. आत्याने मात्र अकराव्या वर्षी पोरीला उचललं आणि सरळ आपल्या घरी नेलं. पहिल्या वर्षात शिट्टी कमी झाली. दुसऱ्या वर्षी पंप कपाटात गेला. तिसऱ्या वर्षी पोर शाळेच्या शर्यतीत दुसरी आली, आणि पहिली आली नाही म्हणून आत्याने तिला बोलणी घातली.

तेव्हापासून या घराण्यात आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कोणाचं मूल आजारी पडलं की आधी आत्याला फोन, मग डॉक्टरला. आत्याही काही कमी नव्हती. रोज सकाळी टेकडी कशी चढवली, पांघरुणं उन्हात कशी टाकली, पोर रडली तरी लाड कसे केले नाहीत, हे ती प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक तेराव्याला सांगायची. आज तर सांगायला हक्काचा दिवस होता.

"ती भट्टीवर उभी आहे ना, ती माझ्यामुळे," गाडी वळणावर असताना ती म्हणाली. "बोलून दाखवत नाही मी, पण आहे हे असं आहे."

"तू बोलून दाखवत नाहीस?" धाकट्याने विचारलं. एरवी तो यावर पाच मिनिटं चेष्टा करत बसला असता. आज त्याने एवढ्यावरच सोडलं आणि रस्त्याकडे बघत राहिला. आत्याला ते जरा चमत्कारिक वाटलं.

*

धाकट्याची बायको त्या वेळी दुकानामागच्या स्वयंपाकघरात चहाचे कप पुसत होती, आणि पुसलेलेच पुन्हा पुसत होती. तिला घरात सगळे सूनबाई म्हणत. ती रुग्णालयात श्वास मोजायच्या खोलीत कामाला होती. दिवसाला पंचवीस-तीस माणसं तिच्यापुढे बसून नळीत फुंकत, आणि ती त्यांना ओरडून ओरडून फुंकायला लावत असे. "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका." ती हे झोपेतही म्हणते, असं धाकटा सगळ्यांना सांगायचा.

चार आठवड्यांपूर्वी ती सहज भट्टीवर आली होती. पिपा कसल्याशा विनोदावर हसत होती, आणि हसता हसता मध्येच थांबली. हसणं संपलं नव्हतं, श्वास संपला होता. मग ती मैद्याच्या पोत्यावर बसली आणि बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. सूनबाई रोज असली नाटकं बघते.

"डॉक्टरकडे जाऊन आले मी," पिपाने लगेच सांगून टाकलं. "तीनदा. छाती साफ आहे म्हणाले. तिन्ही वेळा."

"कधी गेला होतात, ताई?"

"मंगळवारी. दुसरा कुठला वार असतो आपल्याला?"

बेकरीला मंगळवारी सुट्टी. तीन पिढ्या या घरातली दुखणी मंगळवारी दाखवली गेली, दात मंगळवारी काढले गेले, मुलीसुद्धा मंगळवारी बघितल्या गेल्या. सूनबाईच्या डोक्यात तिथेच घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी तिने पिपाच्या हातात फुंकायचं एक छोटं मीटर ठेवलं. फुंकलं की काटा सरकतो, जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा, मंगळवारसकट सगळे वार.

तो कागद आता सूनबाईच्या पिशवीत होता. मंगळवारी संध्याकाळी चारशे. गुरुवारी तीनशे चाळीस. शनिवारी तीनशे. सोमवारी संध्याकाळी दोनशे सत्तर. मग मंगळवार, की पुन्हा वर. तीन आठवडे हेच, एकदाही चूक नाही. नोकरीत तिने असा स्वच्छ कागद क्वचितच पाहिला होता, आणि तिला तो फाडून टाकावासा वाटत होता.

कारण पिपाने नऊ वर्षं वाट पाहिली होती. आई गेली, बाबा एकटे पडले, तेव्हा चांगली कचेरीतली नोकरी सोडून ती परत आली आणि पहाटे तीनला उठायला लागली. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, तीनला उठणारा शोधा. बाबांनी तिला पहिली दोन वर्षं ट्रे घासायला लावले. तिने घासले. आता तिच्या हातच्या पावासाठी लोक दोन बस बदलून यायचे. या भट्टीशिवाय तिला दुसरं काही नको होतं, आणि हे न बोलताही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"एवढा आजचा दिवस जाऊ दे," पिपाने तिला शपथ घातली होती. "एकदा माझ्या नावावर झालं की उद्या तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते."

आणि धाकट्यानेही काल विनवलं होतं. "तू बोललीस तर सगळे काय म्हणतील कळतंय ना? भट्टी नवऱ्याला मिळावी म्हणून बाईने आजार शोधून काढला."

सूनबाईने शेवटचा कप ठेवला. पिशवीतला निळा पंप आणि त्याला लावायची प्लॅस्टिकची नळी वरच आहे ना, हे तिने हाताने चाचपून घेतलं आणि ती पीठ मळायच्या खोलीकडे निघाली. आपण चूक करतो आहोत हे तिला पक्कं कळत होतं.

*

पीठ मळायची खोली लांबट होती. एका टोकाला भट्टी, मध्ये बारा फुटी लाकडी टेबल, पलीकडे मैद्याची पोती, आणि अंगणाच्या बाजूला एक दार आणि एक खिडकी. कारागिरांना बाबांनी दुपारनंतर सुट्टी दिली होती. संध्याकाळच्या पावाचं पीठ मशीनमधून निघून मोठ्या टोपात ओल्या फडक्याखाली फुगत होतं.

बाबांनी आधी दार लावलं, मग खिडकी, मग पंखा बंद केला. फेकीच्या वेळी हे करायचंच असतं. वारा लागला तर पीठ भरकटतं.

फेक म्हणजे या घराण्याची खूण. टेबलावर पीठ चिकटू नये म्हणून सगळेच बेकरीवाले कोरडा मैदा भुरभुरतात. हे मात्र टेबलाच्या एका टोकाला उभं राहून मूठभर मैदा असा फेकत की तो बारा फूट हवेत पसरावा, आणि खाली बसल्यावर त्यातून लाकडाच्या रेषा दिसाव्यात. बाबांचे वडील, अप्पा, दुसऱ्याच्या बेकरीत पोती वाहायला लागले होते. त्यांची ती एक फेक मालकाने बघितली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना टेबलावर घेतलं. सगळं घर उभं राहिलं ते त्या एका मनगटावर. म्हणून भट्टी पुढच्या पिढीकडे जाते तेव्हा तीन मुठी टाकायच्या. एक आजोबांची, एक बाबांची, एक आपली.

बाबांचं एक्काहत्तरावं चालू होतं. मनगट आता दुखायचं. तरी त्यांनी बाह्या सारल्या आणि आधी स्वतः एक मूठ टाकून दाखवली. आत्या कौतुकाने बघत राहिली. भावाशी तिचं साठ वर्षं पटलं नव्हतं, पण त्याच्या हातापुढे ती गप्प व्हायची.

"आता तू," बाबा म्हणाले.

पिपाने मूठ भरली. पहिली फेक गेली. दुसरी गेली. पांढरा पडदा टेबलभर तरंगला आणि खाली उतरला, कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही. बाबांनी वाकून टेबलाशी डोळा लावून पाहिलं. आपल्यापेक्षा चांगली. त्यांना हे मनाशी मान्य करायला क्षणही लागला नाही आणि त्याचं दुःखही झालं नाही. ऊर भरून आला, एवढंच. पोरीने तिसरी मूठ घेतली तेव्हा ते म्हणाले, "अप्पा असते तर आज रडले असते."

तिसरी मूठ गेली. खोलीत बारीक धुकं भरून राहिलं. पिपा हसली, काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. तिने दोन्ही पंजे टेबलावर टेकले. खांदे वर गेले.

आवाज ओळखला तो आत्याने. सव्वीस वर्षं ऐकला नव्हता, तरी पहिल्या शिट्टीला ओळखला.

"दार उघड," ती धाकट्याला म्हणाली. "अंगणात न्या तिला. निजवू नका, बसवा. पुढे वाकवून बसवा."

सूनबाई तोवर पोचलीच होती. दोघांनी पिपाला अंगणात आणलं आणि उपड्या घातलेल्या खोक्यावर बसवलं. सूनबाईने पंप नळीला लावला, नळी पिपाच्या ओठांत दिली. "एक दाबते. हळू आत घ्या. आता सावकाश. पुन्हा." तिचा आवाज कामावरचा होता, शांत आणि करडा. "तुम्ही गाडीची किल्ली हातात ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली, "दहा मिनिटांत उतरलं नाही तर निघायचं."

धाकटा किल्ली घेऊन उभा राहिला. बाबा दारात उभे होते, हात कोपरापर्यंत मैद्याने भरलेले. ते जवळ यायला निघाले तशी सूनबाई वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही लांब राहा. आधी हात धुऊन या, शर्ट बदलून या." या घरात बाबांना असं कोणी सांगितलं नव्हतं. ते निमूटपणे गेले.

सातव्या मिनिटाला पिपाचे खांदे खाली आले. नवव्या मिनिटाला ती म्हणाली, "झालं का तुमचं बघून?" आणि आत्या मटकन दुसऱ्या खोक्यावर बसली.

*

"तिचा दमा गेला होता," बाबा म्हणाले. ते स्वच्छ शर्ट घालून आले होते आणि पाहुण्यासारखे अंगणाच्या कडेला उभे होते. "अक्का, सांग ना तू. गेला होता ना?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर सूनबाईच्या पिशवीवर होती.

"पंप बरोबर घेऊन आलीस," ती म्हणाली. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"ठाऊक होतं आणि उभी राहून बघत राहिलीस? तिसऱ्या मुठीपर्यंत?"

"हो आत्या. चुकलंच माझं."

बाबांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "तुम्हा दोघांना भट्टी हवी होती का?"

"बघ," धाकटा बायकोला म्हणाला, "सांगितलं नव्हतं मी?" मग तो बाबांकडे वळला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. "बाबा, मला जाग आठला येते. भट्टी मला मिळाली तर गावाला नाश्त्याला पाव दुपारी मिळेल. मला नको आहे ती. हिने तोंड उघडू नये म्हणून मीच तिला गप्प केलं, कारण तुम्ही हेच विचारणार हे मला माहीत होतं. आणि तुम्ही विचारलंत."

"शपथ मी घातली होती," पिपा म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "तिला बोलू नका, बोलायचंच असेल तर मला बोला."

मग सूनबाईने पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर पसरला. बाबा चष्मा शोधायला लागले, तो त्यांच्या कपाळावरच होता.

"हे बघा. हे मंगळवार. हा सोमवार. आकडा जितका मोठा तितका श्वास मोकळा. आठवडाभर उतरत जातो आणि सुट्टीला चढतो. डॉक्टरांकडे ताई कायम मंगळवारी गेल्या. त्यांना छाती साफच दिसणार. तुम्ही सगळे दुखणं सुट्टीच्या दिवशी दाखवता, आणि हे दुखणं सुट्टीच्या दिवशी घरी नसतं."

"पण लहानपणचा तो वेगळा आणि हा वेगळा असेल," बाबा म्हणाले. "एकदा गेलेला परत कसा येईल?"

"गेलेला नव्हता, बाबा. पुष्कळ मुलांचा दमा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षानंतर शांत होतो. मूल वाढतं, आतल्या नळ्या रुंद होतात, मग थोडी सूज आली तरी वाट राहते. घरचे म्हणतात, गेला. पण ज्याला लहानपणी जोरात होता, ज्याला कशाकशाची ॲलर्जी आहे, त्याच्या नळ्या आयुष्यभर हळव्याच राहतात. पुढे मोठी सर्दी, कोणाची सिगारेट, कामावरची धूळ, काहीही पुरतं. लहानपणी मुलग्यांना जास्त असतो, मोठेपणी बायकांना. माझ्या खोलीत रोज येतात अशा. सगळ्या हेच म्हणतात, माझा तर गेला होता. आणि ताई तर नऊ वर्षं रोज मैद्यात उभ्या आहेत. मैदा हे त्यातलं फार वाईट."

"मग माझ्याकडे ती बरी कशी झाली?" आत्याने विचारलं.

हा प्रश्न येणार हे सूनबाईला माहीत होतं. तिने खोटं बोलायचा विचारही केला होता. "तुमच्याकडे मैदा नव्हता," ती म्हणाली. "टेकडीने काही बिघडलं नाही, पण टेकडीने बरी झाली नाही. ती वाढत होती, आणि तुमच्या घरात पीठ उडत नव्हतं."

आत्याचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षं अंगावर मिरवलेलं श्रेय दागिन्यासारखं काढून ठेवायची वेळ आली होती, आणि तेही सगळ्यांसमोर. धाकट्याला वाटलं, आता ही कडाडणार. पिपानेही तिचा हात धरला.

"म्हणजे मी काहीच केलं नाही," आत्या म्हणाली.

"तीन वर्षं तिला मोकळा श्वास घेऊ दिलात. त्या वयात फुप्फुसं वाढतात. आज तिच्याकडे जो चारशेचा आकडा आहे, त्यात त्या तीन वर्षांचा वाटा असणार. इथेच राहिली असती तर कदाचित एवढाही नसता."

आत्याने यावर विचार केला. "गोड बोलू नकोस," ती म्हणाली. "पण ठीक आहे. चालेल मला तेवढं." मग ती भावाकडे वळली. "अरे, अप्पा मंगळवारी गाणं म्हणायचे."

"काय?"

"अप्पा. फक्त मंगळवारी गायचे. आठवतं तुला? बाकी वार खोकायचे. शेवटची आठ वर्षं खुर्चीत बसून झोपायचे. पिठाचा खोकला, असायचाच, असं आपण म्हणायचो. आणि मंगळवारी संध्याकाळी अंघोळ करून गात बसायचे. आपल्याला वाटायचं, सुट्टी आहे म्हणून खुशीत आहेत."

बाबा खाली बसले. खोकं नव्हतं, तर जमिनीवर बसले. त्यांना वडिलांचं गाणं चांगलं आठवत होतं. आपणही मंगळवारी जिना एका दमात चढतो, हेही त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं, आणि तिने नुसती मान हलवली. "तुमचंही मोजायचं आहे," ती म्हणाली.

"मघाशी जे विचारलं ते विचारायला नको होतं, पोरी," बाबा तिला म्हणाले. "मनात आलं ते तोंडातून गेलं. मला माफ कर." घराण्याच्या तीन पिढ्यांत कुठल्या पुरुषाने सुनेची माफी मागितल्याचं आत्याला आठवत नव्हतं. तिने भावाकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं.

"आता पुढे काय?" पिपाने विचारलं.

"उद्या मोठ्या डॉक्टरांकडे, हा कागद घेऊन. औषध रोज, बरं वाटलं तरी रोज. दोन महिने या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मग आत मैदा उडायचा बंद झाला असेल तर हळूहळू बघू. आकडे पडले तर परत बाहेर."

"आणि सारखे पडत राहिले तर?"

"तर आत कधीच यायचं नाही, ताई. ते मी आत्ताच सांगून ठेवते. डॉक्टर कदाचित उद्याच तसं म्हणतील."

पिपा रडली. ती मोठ्याने रडणारी बाई नव्हती, आणि श्वासही पुरत नव्हता. "म्हणजे गेली माझी भट्टी," एवढंच ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी प्रयत्न केला होता हो. चार महिने पहाटेचा पाव तेलावर काढते आहे. टेबलाला तेलाचा हात, मैद्याची चिमूटही नाही. पीठ जरा सैल ठेवावं लागतं. पण बाबा सहाला खाली यायचे आणि मग पुन्हा मुठी सुरू."

"पहाटेचा पाव?" बाबा म्हणाले. "चार महिने?"

"हो."

"अरे देवा. मी त्या गिरणीवाल्याला दोनदा फोन करून सांगितलं, तुझा मैदा सुधारला म्हणून. इतकी मऊ पापुद्र्याची साल मला कधी जमली नाही."

धाकटा आधी हसला, मग सूनबाई. पिपालाही हसू आलं आणि ती जपून हसली. बाबा मात्र हसले नाहीत. ते उठले, धुतलेले हात पुन्हा एकदा नळाखाली धरले आणि आत गेले.

"फडकी ओली करून दे, अक्का," आतून त्यांचा आवाज आला. "झाडू नको. झाडलं की उडेल."

आत्या उठली. तिने बादली भरली. शहात्तर आणि एक्काहत्तर वर्षांच्या बहीणभावांनी बारा फुटी टेबल ओल्या फडक्यांनी पुसून काढलं, लेकीची ती सुंदर तिसरी मूठ पुसून काढली, आणि बाबांनी पुसताना एकदाही हात आखडला नाही. धाकट्याने खिडकीचा कोयंडा ठोकून सैल केला आणि झडप भिंतीपर्यंत उघडली. पहाटे तीनचा गजर लावायला आपल्याला कोणीतरी शिकवायला हवं, असं तो कोणालातरी सांगत होता. सूनबाईने पिपाचं खोकं दारापासून आठ पावलं मागे सरकवलं आणि वाऱ्याची दिशा बघून आणखी दोन पावलं मागे.

बाबांनी टेबलाला तेलाचा हात फिरवला आणि टोपातलं पीठ काढून त्यावर घेतलं. ते चिकटलं. पंचावन्न वर्षं पीठ मळलेला माणूस बोटांना चिकटलेलं पीठ सोडवत उभा राहिला, पहिल्या दिवशी कामाला आलेल्यासारखा. त्याने एक घडी घातली, दुसरी घातली. पीठ घसरलं. तेल जास्त झालं होतं. सवयीने हात मैद्याच्या पोत्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. आत्या शेजारी उभी होती, तिने ते पाहिलं.

बाबांनी तो गोळा दोन्ही हातांत उचलून धरला, दाराकडे वळले आणि अंगणात बसलेल्या लेकीला दिसेल असा उंच केला.

"मालकीणबाई," त्यांनी विचारलं, "हे चालेल का?"

पिपाने लांबूनच पाहिलं. डोळे बारीक केले. एक श्वास घेतला, मग दुसरा.

"नाही," ती म्हणाली. "अजून चार मिनिटं मळा. आणि मनगट सैल सोडा."

"बरं," बाबा म्हणाले आणि पुन्हा मळायला लागले.